दहशतवादाची 'मूळ कारणं' म्हणजे नेमकी कशाची कारणं?

चौकस

दहशतवादावरच्या कुठल्याही चर्चेत दोन वाक्यं हमखास येतात. एक, "गरिबी आणि अज्ञान दूर करा, दहशतवाद आपोआप संपेल." दुसरं, "एकदा कायमचं ठेचा, पुन्हा डोकं वर काढणार नाहीत." दोन्ही बाजू सारख्याच ठामपणे बोलतात आणि पुरावा मागितला की आवाज चढवतात. अभ्यासगटासाठी एक टिपण करायचं आहे, म्हणून या विषयात मुरलेल्यांना विचारतो:

१. गरिबी, बेकारी, शिक्षणाचा अभाव यांचा दहशतवादाशी संबंध खरंच दिसतो का?

२. एकाच वस्तीत, एकाच परिस्थितीत वाढलेल्या हजारांतला एखादाच का जातो?

३. सरकारांनी केलेल्या उपायांपैकी कुठले लागू पडले, कुठले अंगाशी आले, आणि का?

एका धर्माची किंवा पक्षाची धुळवड नको, त्यासाठी बाकी धागे आहेत.

दुर्बीण

'मूळ कारण' हा शब्दच घोळ घालतो. त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. समाजात असंतोष का आहे? तो असंतोष मांडणारी एखादी संघटना मोर्चा, संप, निवडणूक सोडून बॉम्बकडे का वळते? आणि त्या संघटनेत अमुक एक माणूस का शिरतो? पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला चिकटवलं की "गरीब होता म्हणून गेला" छापाची वाक्यं तयार होतात. टिपणात हे तीन रकाने वेगळे ठेवा, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

व्याख्येत फार अडकू नका. सर्वमान्य व्याख्या संयुक्त राष्ट्रांतही नाही. भारताने १९९६ मध्ये सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो अजून लटकलेला आहे. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना त्यात धरायचं का आणि सरकारी फौजांच्या कृत्यांचं काय, या दोन मुद्द्यांवर गाडं अडतं. कामापुरतं असं धरा: नागरिकांना मारून किंवा मारण्याची धमकी देऊन, मेलेल्यांपेक्षा पाहणाऱ्यांवर राजकीय दबाव आणणं. यातला 'पाहणाऱ्यांवर' हा शब्द सोडू नका.

आता गरिबी. ॲलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोव्हा या अभ्यासकांनी २००३ मध्ये हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या १२९ लढवय्यांची माहिती लेबनॉनच्या लोकसंख्येशी ताडून पाहिली. गरिबीचं प्रमाण लढवय्यांत २८ टक्के, लोकसंख्येत ३३. माध्यमिक किंवा त्यापुढचं शिक्षण लढवय्यांत ४७ टक्के, लोकसंख्येत ३८. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य सरळ अर्थाने तरी टिकत नाही.

पण यावरून "शिकलेले लोकच जातात" असंही लिहून टाकू नका. संघटनेच्या दाराशी दहा जण आले तर ती त्यातला नकाशा वाचता येणारा, परकी भाषा बोलणारा, ऐन वेळी न डगमगणारा उचलते. आपल्या आकडेवारीत येतात ते निवडलेले. नाकारलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. शिवाय हल्ला करणाऱ्या छोट्या टोळीचं गणित वेगळं आणि मुलूख ताब्यात ठेवून पगारावर माणसं बाळगणाऱ्या बंडखोर फौजेचं वेगळं. आफ्रिकेतल्या भरतीवर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२३ मध्ये अहवाल काढला. त्यात आपणहून गेलेल्यांपैकी चौथा हिस्सा लोकांनी रोजगार हे मुख्य कारण सांगितलं, धर्म हे कारण १७ टक्क्यांनी. तिथे पैसा नक्कीच बोलतो.

माझ्या मते निव्वळ गरिबीपेक्षा 'अडवलेली वाट' जास्त समजावून सांगते. दिएगो गाम्बेटा आणि स्टेफेन हेर्टोग यांना अरब देशांतल्या जिहादी गटांत इंजिनिअर त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त दिसले. कारण काय? सत्तर-ऐंशीच्या दशकांत पदव्या वाटल्या गेल्या आणि त्या पदव्यांना साजेशा नोकऱ्या आल्याच नाहीत. इंजिनिअरांना भरपूर काम असलेल्या सौदी अरेबियात हे प्रमाण तसं फुगलेलं नव्हतं. स्वभावाचाही भाग आहे असं ते म्हणतात, त्यावर वाद आहेत. श्रीलंकेतही हेच सूत्र लावून पाहा. १९५६ चा फक्त सिंहली भाषेचा कायदा आणि सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे बदललेले निकष यांनी शिकलेल्या तमिळ तरुणाची सरकारी नोकरीची आणि पदवीची वाट एकदमच आवळली. १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं, १९८३ च्या जुलैत तमिळांविरुद्ध दंगली झाल्या. वेगळ्या राज्यासाठी लढणाऱ्या, एरवी मूठभर असलेल्या 'तमिळ वाघां'कडे (लिट्टेकडे) त्यानंतर रांग लागली.

या उदाहरणात अडवलेली वाट हे दूरचं कारण आणि दंगल ही ठिणगी. नुसत्या दूरच्या कारणावर बोट ठेवणाऱ्याला "मग बाकीच्या गरीब देशांत का नाही?" याचं उत्तर देता येत नाही. नुसत्या ठिणगीकडे पाहणाऱ्याला दारू कोठारात कोणी भरली ते दिसत नाही. आणि ठिणगी बऱ्याचदा सरकारच टाकतं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या याच मालिकेतल्या, आफ्रिकेवरच्याच २०१७ च्या अहवालासाठी आपणहून भरती झालेल्या ४९५ जणांशी बोलणं झालं होतं. शेवटचा धक्का कुठला, यावर ७१ टक्क्यांनी सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं: नातलग किंवा मित्र मारला गेला, उचलला गेला. नायजेरियात बोको हरामचा संस्थापक मोहम्मद यूसुफ २००९ च्या जुलैत पोलीस कोठडीत मारला गेला. संघटना संपली असं तेव्हा वाटलं होतं. दोन वर्षांनी तिने अबुजातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत स्फोट घडवला.

आकडेमोड

वरचं पटलं. दुसऱ्या प्रश्नाचं घेतो.

"कोण जाईल ते आधी ओळखा" ही मागणी प्रत्येक हल्ल्यानंतर येते. गणित करून पाहा. एक कोटी लोकसंख्या, त्यात खरोखर धोकादायक १०० जण. समजा तुमच्याकडे ९९ टक्के अचूक चाचणी आहे, जी प्रत्यक्षात कोणाकडेच नाही. ती १०० पैकी ९९ पकडेल. उरलेल्या ९९,९९,९०० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे ९९,९९९ लोकही तीच पकडेल. एका खऱ्यामागे हजारावर खोटे. अचूकता ९९.९ टक्के केली तरी एकामागे शंभर. या लाखभर लोकांवर पाळत ठेवायला जी माणसं लागतील ती खऱ्या संशयितांवरून काढावी लागतात, आणि ज्यांच्या दारात विनाकारण पोलीस येऊन गेले त्या घरांतून पुढे खबर येणं बंद होतं. चाळणी नुसती निकामी नाही, ती खबरीचा झराच आटवते.

व्यक्तिचित्रावर आधारलेला शोध म्हणूनच फसतो. ठरावीक मनोविकार, ठरावीक बालपण असं काही हाती लागलेलं नाही. हाती लागलं ते नात्यांचं जाळं. मार्क सेजमन यांनी जागतिक जिहादी गटांतल्या १७२ जणांची माहिती तपासली, तेव्हा दोन तृतीयांशांच्या आसपास लोक आत शिरण्याआधीच आतल्या कोणाचे तरी मित्र होते. नातेवाईक असलेले आणखी वेगळे. म्हणजे विचार पटला म्हणून मित्र जोडले असं क्वचित, मित्रांबरोबर राहता राहता विचार पटला असं जास्त. "हजारांतला एकच का" याचं कंटाळवाणं पण खरं उत्तर: तो कोणाबरोबर राहत होता, खेळत होता, तुरुंगात कोणाच्या कोठडीत पडला.

विचारांचा कडवेपणा आणि कृती हेही एकाच जिन्याचे पायठे नाहीत. कडवं बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण आयुष्यभर बोलतच राहतात. उलट काही जण आधी टोळीत शिरतात, मागाहून पाठांतर करतात.

एकट्याने हल्ला करणाऱ्यांचं काय? तेही समजतात तेवढे एकटे नसतात. पॉल गिल आणि सहकाऱ्यांनी अशा ११९ जणांचा अभ्यास केला. जवळजवळ ६४ टक्के प्रकरणांत घरच्यांना किंवा मित्रांना बेत ठाऊक होता, कारण त्यानेच तो बोलून दाखवला होता. इथे प्रतिबंधाची खरी जागा सापडते. पाळत वाढवण्यापेक्षा 'हे कोणाला सांगू?' या प्रश्नाला घरच्यांकडे धड उत्तर असणं जास्त कामाचं. भावाबद्दल सांगितलं की भाऊ दहा वर्षं आत जाणार एवढंच ठाऊक असेल, तर बहीण गप्प बसेल.

जुनी दप्तरं

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

'पाहणारे' हा शब्द आता कामाला येतो. दुबळी संघटना सरकारला हरवू शकत नाही, पण सरकारला स्वतःच्याच पायावर धोंडा मारायला लावू शकते. ब्राझीलचा डावा बंडखोर कार्लोस मारिगेल्लाने १९६९ मध्ये हे उघड लिहून ठेवलं: हल्ले करा, सरकार दडपशाही करेल, लोक सरकारवर उलटतील. शेजारच्या उरुग्वेत तुपामारो या डाव्या शहरी बंडखोरांनी हाच डाव टाकला. लष्कराने त्यांना १९७२ मध्ये मोडून काढलं आणि १९७३ मध्ये त्याच लष्कराच्या पाठबळावर लोकशाही गुंडाळली गेली, ती १९८५ पर्यंत. क्रांती आली नाहीच, होती ती संसदही गेली. याच तुपामारोंपैकी होसे मुहिका पुढे निवडणूक लढवून २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, हा इतिहासाचा खवचटपणा.

सावज कसं जाळ्यात येतं हे पाहायचं तर उत्तर आयर्लंड. तिथे कॅथलिक राष्ट्रवाद्यांना आयर्लंडमध्ये जायचं होतं, प्रोटेस्टंट निष्ठावंतांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं, आणि आयआरए ही राष्ट्रवाद्यांची सशस्त्र संघटना. ब्रिटिश लष्कराने ९ ऑगस्ट १९७१ ला पहाटे छापे घालून ३४२ जणांना खटल्याविना डांबलं. काय काय चुकलं ते नीट पाहा, कारण याच चुका पुढे दुसरीकडे झाल्या.

याद्या जुन्या होत्या. दशकापूर्वी सक्रिय असलेले, आता घरी बसलेले लोक सापडले आणि खरे हस्तक आधीच निसटले. पहिल्या दोन दिवसांतच शंभरावर लोक सोडून द्यावे लागले.

कारवाई एकतर्फी होती. निष्ठावंत गटही बॉम्ब फोडत होते, पण पहिल्या झडतीत त्यांतला एकही उचलला गेला नाही. १९७५ अखेरपर्यंत स्थानबद्ध झालेल्या १,९८१ जणांपैकी १,८७४ राष्ट्रवादी बाजूचे होते. "कायदा फक्त आपल्यासाठी" हा प्रचार आयआरएला करावाच लागला नाही.

चौकशीच्या पद्धती. डोक्यावर पिशवी, भिंतीशी तासन्‌तास उभं करणं, झोप न देणं, अन्नपाणी तोडणं, कर्कश आवाज. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९७८ मध्ये याला अमानुष आणि अपमानास्पद वागणूक ठरवलं.

परिणाम? त्या वर्षी ऑगस्टपर्यंत जेवढे मेले त्याच्या कैकपट उरलेल्या पाच महिन्यांत मेले. जानेवारी १९७२ मध्ये डेरीत स्थानबद्धतेविरुद्धच्याच मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला, १३ जण जागीच ठार, एक नंतर गेला. ते वर्ष सगळ्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित ठरलं, सुमारे ४८० बळी. ब्रिटिश सरकारने या गोळीबाराबद्दल माफी मागितली ती २०१० मध्ये.

स्पेनमध्ये १९८३ ते १९८७ या काळात गृहखात्यातून पोसलेल्या 'गाल' नावाच्या मारेकरी टोळीने २७ माणसं मारली, त्यात एटाशी, म्हणजे बास्क फुटीरतावादी संघटनेशी, काडीचा संबंध नसलेलेही होते. पुढे माजी गृहमंत्र्यालाच शिक्षा झाली. हुकूमशहा फ्रँको गेल्यावर एटाचा युक्तिवाद खरं तर लंगडा पडत चालला होता. त्याला कुबडी सरकारी टोळीने दिली.

मग लागू काय पडतं? अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या सेथ जोन्स आणि मार्टिन लिबिकी यांनी १९६८ ते २००६ मधल्या ६४८ गटांची नोंद केली. त्यातले २६८ गट संपले होते (फुटून दुसऱ्या गटांत गेलेले यात धरलेले नाहीत). संपण्याची कारणं: राजकीय प्रक्रियेत शिरले ४३ टक्के, पोलीस आणि गुप्तवार्तेमुळे मोडले ४० टक्के, जिंकले १० टक्के, लष्करी बळाने संपले ७ टक्के. हल्लेखोरांचंही प्रगतिपुस्तक तितकंच वाईट. मॅक्स अब्राम्स यांनी २८ गटांची ४२ राजकीय उद्दिष्टं तपासली, साध्य झाली सात टक्के. नागरिकांवर हल्ले झाले की समोरच्या समाजाला वाटतं, यांना आपला मुलूख नको, आपला नायनाटच हवाय. मग तडजोड कोण करणार?

रोखठोक

उत्तर आयर्लंड, स्पेन... सगळी सोयीची उदाहरणं. श्रीलंकेत २००९ मध्ये लष्कराने प्रभाकरन संपवला आणि तमिळ वाघ संपले. पेरूत शायनिंग पाथ ही माओवादी संघटना मोडली. पंजाबात पोलीसप्रमुख केपीएस गिल यांनी करून दाखवलं. सात टक्के म्हणे! जिथे हिंमत दाखवली तिथे झालं की.

जुनी दप्तरं

रोखठोक, मुद्दा रास्त आहे, पण तुमची तिन्ही उदाहरणं एका पोत्यात भरता येणार नाहीत.

पेरूचं उदाहरण तर उलट बाजूचं आहे. लष्कराने ऐंशीच्या दशकात डोंगरी गावांत बेछूट बळ वापरलं आणि शायनिंग पाथ वाढतच गेला. १९९० मध्ये पोलिसांचं एक छोटं गुप्तवार्ता पथक उभं राहिलं. त्याने लिमातल्या संशयित घरांचा कचरा उपसला. एका घरातून राहणाऱ्यांच्या मानाने फार कचरा येत होता, त्यात सोरायसिसच्या मलमाच्या नळ्या आणि ठरावीक सिगारेटची थोटकं होती. शायनिंग पाथचा म्होरक्या गुझमान याला सोरायसिस होता. १२ सप्टेंबर १९९२ ला त्याच घरात, खालच्या नृत्यवर्गाच्या वरच्या मजल्यावर, तो जिवंत सापडला. संघटना एकाच माणसाच्या शब्दावर चालणारी होती, म्हणून म्होरक्या गेल्यावर कोसळली. उतरंड नसलेल्या, सुट्या टोळ्यांच्या संघटनेत म्होरक्या टिपून हा परिणाम मिळत नाही. दुसरं म्हणजे गावकऱ्यांचीच गस्तपथकं, ज्यांना शायनिंग पाथच्या जाचाने हत्यार धरायला लावलं. सत्यशोधन आयोगाने बळींचा अंदाज ६९,००० वर काढला, त्यातले चारात तीन क्वेचुआसारख्या आदिवासी भाषा बोलणारे.

श्रीलंका मान्य. पण वाघांकडे मुलूख, तोफा, नौदल होतं. रँडच्या अभ्यासातही हेच आहे: मोठ्या, सुसज्ज बंडखोर फौजेविरुद्ध लष्कर चालतं, शहरात लपलेल्या टोळीविरुद्ध नाही. २००४ मध्ये वाघांचाच सेनानी करुणा पूर्वेकडची फळी घेऊन फुटला, तेव्हाच कणा वाकला होता. आणि किंमत: शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं.

पंजाबात दोन गोष्टी एकत्र चालल्या. पोलिसी बळ होतंच. पण खंडणी, बळकावलेल्या जमिनी, घरांवरचे अत्याचार यांनी अतिरेक्यांनी खेड्यांतली सहानुभूती स्वतःच घालवली होती. फेब्रुवारी १९९२ च्या विधानसभेला मतदान जेमतेम २४ टक्के, आणि वर्षभरात पंचायत निवडणुकांत लोक रांगा लावून उतरले. दुसरीकडे, एकट्या अमृतसर जिल्ह्यातल्या २,०९७ बेकायदा अंत्यसंस्कारांचं प्रकरण मानवाधिकार आयोगासमोर वर्षानुवर्षं चाललं. "करून दाखवलं" लिहिताना हाही आकडा लिहा.

कलमबहाद्दर

कायद्याच्या बाजूने थोडं. विशेष कायद्याचा दोष बहुतेकदा कडकपणात नसतो, ढिसाळ मसुद्यात असतो. टाडा, म्हणजे दहशतवादी कारवायांविरुद्धचा केंद्रीय कायदा, १९८५ मध्ये आला, १९८७ मध्ये नव्याने झाला. दोन वर्षांची मुदत होती, पण दर वेळी मुदतवाढ मिळत १९९५ पर्यंत चालला. पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालायचा. झालं काय, तर तपास करायची गरजच उरली नाही. दहशतवादाचा फारसा मागमूस नसलेल्या गुजरातसारख्या राज्यातही तो हजारोंवर लागला आणि शेवटी शिक्षा झालेल्यांचं प्रमाण नगण्य निघालं. कबुलीवर विसंबलेला पोलीस न्यायवैद्यक पुरावा, पैशाचा माग, फोनची साखळी जमवायला शिकत नाही. कायदा संपल्यावरही ती सवय राहते.

उलट इटली पाहा. लाल ब्रिगेड या अतिडाव्या संघटनेने १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरोंना पळवून ५५ दिवसांनी मारलं. १९८० च्या कायद्याने तपासात मदत करणाऱ्याची शिक्षा मोठ्या प्रमाणात घटवली. त्याच वर्षी ब्रिगेडमधून फुटलेल्या पात्रित्सिओ पेचीच्या माहितीवर डझनावारी लोक पकडले गेले. ब्रिगेडने सूड म्हणून त्याच्या भावाला मारलं, त्याने उरलीसुरली सहानुभूतीही गेली. १९८७ मध्ये आणखी एक दार उघडलं: साथीदारांची नावं न सांगता, फक्त हिंसेचा मार्ग जाहीरपणे सोडला तरी सूट. गद्दार ठरायचं नाही पण थकलोय, अशा माणसांसाठी ही दुसरी सोय होती. म्हणजे दारं दोन हवीत, एक फुटणाऱ्यासाठी, एक नुसतं थांबणाऱ्यासाठी. आणि आधी तपास इतका पक्का हवा की आत राहणं महाग वाटेल, नाहीतर सवलत घ्यायला कोण येतं?

चौकस

भरपूर साहित्य मिळालं, आभार. एक राहिलं. सरकार सोडून समाजाने, माध्यमांनी काय करायचं? आणि 'कट्टरतेतून बाहेर काढणारे' कार्यक्रम खरंच चालतात का?

दुर्बीण

आधी शब्द नीट करू. हिंसा सोडणं आणि विचार सोडणं या दोन गोष्टी आहेत. पहिली शक्य आहे आणि मोजता येते. दुसरीच्या मागे लागलेले कार्यक्रम माणसाला अपेक्षित वाक्यं बोलायला शिकवतात. जर्मनीत २००० मध्ये एक माजी पोलीस अधिकारी आणि चळवळ सोडलेला एक नवनाझी यांनी 'एग्झिट' सुरू केलं. तिथे कामाची यादी अगदी रुक्ष असते: घर बदलणं, जुन्या साथीदारांपासून संरक्षण, अंगावरचं गोंदण काढणं, कर्जं, नोकरी, मग बोलणं. क्रम उलटा केला की फसतं, कारण टोळीच त्याचं घर, नोकरी आणि मित्रमंडळ असते. डेन्मार्कच्या ऑर्हुसमध्ये पोलीस आणि नगरपालिका मिळून सीरियात जाऊ पाहणाऱ्या किंवा परतलेल्या तरुणाला एक मार्गदर्शक जोडून देतात, शाळा आणि घर यांच्याशी बोलतात. गुन्हा केलेल्यावर खटला मात्र चालतोच. २०१३ मध्ये तिथून सुमारे तीस जण गेले होते, पुढच्या वर्षी एखाद-दुसरा. याचं सगळं श्रेय कार्यक्रमाला देऊ नका, आकडा छोटा आहे आणि तोवर सीरियाचं आकर्षणही बदललं होतं.

संस्था बदलणं याला मी सर्वांत वर ठेवेन, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शांतता करारानंतर पोलीसदलाचं नाव, बोधचिन्ह, शपथ बदलली. २००१ पासून दहा वर्षं नव्या भरतीत निम्मे कॅथलिक घ्यायचा नियम होता. सुमारे ८ टक्क्यांवरून वाटा ३० टक्क्यांच्या घरात गेला. ज्या वस्तीत पोलीस म्हणजे परकी फौज होती तिथे आता खबर द्यायला ओळखीचं कोणीतरी होतं. याच करारात कैद्यांची दोन वर्षांत सुटका होती, आणि बळींच्या घरच्यांना ती अजूनही गिळता आलेली नाही. हेही टिपणात असू दे, शांततेचं बिल कोणीतरी भरतंच.

माध्यमांचं थोडक्यात. हल्लेखोराला सूड हवा असतो, नाव हवं असतं आणि प्रतिक्रिया हवी असते. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ ला मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ जण मारले गेले. तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नाव घ्यायचं नाकारलं. महिन्याच्या आत, १० एप्रिलला, निमस्वयंचलित बंदुकांवर बंदी ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. हल्ल्याच्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती फेसबुकने पहिल्या २४ तासांत काढल्या. त्यातल्या १२ लाख चढवतानाच अडवल्या, म्हणजे तीन लाख दिसून गेल्या. चौकशी आयोगाला ढिलाई सापडली ती बंदूक परवान्याच्या छाननीत, शिफारस करणाऱ्यांची नीट विचारपूसच झाली नव्हती.

नॉर्वेत २२ जुलै २०११ च्या हल्ल्यांत ७७ जण गेले. तेव्हाचे पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग "अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा" म्हणाले, याचं कौतुक सगळे करतात. त्याच देशाच्या चौकशी आयोगाने वर्षभरात पोलिसांची लक्तरंही काढली, ते कोणी सांगत नाही. स्फोटानंतर काही मिनिटांतच एका वाटसरूने हल्लेखोराच्या गाडीचा क्रमांक कळवला होता आणि ती चिठ्ठी वीसेक मिनिटं टेबलावर पडून राहिली. सौम्य भाषा आणि कठोर चौकशी, दोन्ही एकाच समाजाने केलं.

श्रीलंकेतला २०१९ चा ईस्टरचा हल्लाही इथे आठवा. भारताकडून आगाऊ इशारे गेले होते. ते मधल्या टेबलांवर विरले, अडीचशेवर माणसं गेली, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. वाघांना संपवलेल्या फौजेचा इथे काही उपयोग नव्हता.

आकडेमोड

टिपण लिहिताना एक सापळा टाळा. "उपाय केला, हल्ले कमी झाले" एवढ्यावर थांबू नका, हल्ले सरकले का तेही पाहा. अमेरिकेच्या विमानतळांवर जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची धातुशोधक तपासणी सुरू झाली. विमान अपहरणं धाडकन उतरली. वॉल्टर एंडर्स आणि टॉड सँडलर यांनी बाकीचे रकाने तपासले तेव्हा ओलीस धरण्याचे इतर प्रकार चढलेले दिसले. पुढे वकिलातींना तटबंदी केली तर वकिलातीबाहेर अधिकाऱ्यांच्या हत्या वाढल्या. तपासणी वाया गेली असा याचा अर्थ नाही, विमान वाचवणं मोलाचंच. पण नफा काढताना दुसरीकडचा तोटा वजा करावा लागतो.

भीतीचंही तसंच. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लोकांनी विमान टाळून लांबचे प्रवास गाडीने केले. गेर्ड गिगेरेंझर यांच्या हिशेबाने पुढच्या बारा महिन्यांत त्यापायी रस्त्यांवर सुमारे १,५०० जण जास्तीचे मेले. त्या दिवशी चारही विमानांत मिळून प्रवासी आणि कर्मचारी २४६ होते. हे १,५०० कुठल्याही दहशतवादाच्या नोंदवहीत सापडणार नाहीत, तुमच्या तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखा.